नालेदीशी बोलायचं आहे

हा-लेतूका, मोखोत्लोंग
९ फेब्रुवारी २०१५

चि. केनेवेस,
अ. उ. आ. वि. वि.

न्ताते मोखेथींची टॅक्सी उद्या पहाटे मासेरूला निघते आहे, म्हणून भाकरी-भाजी आवरायच्या आधीच लिहायला बसले. इकडे आई बरी आहे. गुडघ्याची तक्रार आहे, जिभेची मुळीच नाही. तुझी दिंफो दुसरीत गेली. पुढचे दात पडलेत, त्यामुळे हसताना तोंडावर हात धरते. तू नाताळात आणलेला स्वेटर बाह्यांना आत्ताच आखूड होतो आहे. रागावू नको, पोर वाढते आहे एवढंच सांगते.

नाताळात तू दोनच दिवस राहिलीस, त्यामुळे माझं बोलणं राहून गेलं. दुकानवाल्या वेंग नवरा-बायकोंनी नालेदीला चीनला आजीकडे धाडलं, हे तू पाहिलंसच. कागदावर ती याछिन असेल. पण नालेदी हे नाव मी ठेवलं आणि गावानं उचललं, इतकं की तिच्या आईलाही सगळे मानालेदी, नालेदीची आई, म्हणूनच हाक मारतात. तान्ही होती तेव्हापासून ती माझ्या पाठीवर वाढली. दिंफो मला मोठी आई म्हणते, म्हणून तीही तेच म्हणायला लागली. आता दुकानात मी पोती उतरवते आणि केर काढते.

सुरुवातीला मानालेदी दुकानातल्या फोनवर मला पोरीचा चेहरा दाखवायची. मला बघितलं की पोर आपल्या भाषेत म्हणायची, मोठी आई, मला घे. फोन ठेवला की तिकडे रडून गोंधळ, जेवण बंद. शेवटी आजीनं बंदीच घातली. तिचा निरोप वेंगनी मला ऐकवला. म्हणे, त्या बाईला सांगा, पोरीला आता इथं राहायचं आहे. तिकडची भाषा कानावर पडली की ती मागे फिरते. बोलायचं तर चिनीत बोला, नाही तर नका बोलू.

मी विचारलं, चिनीत बोलले तर चालेल ना? वेंग हसले. म्हणाले, तुला येतं काय? एक, दोन, महाग आणि चोर. मी हटले नाही, तेव्हा म्हणाले की त्यांच्या भाषेची सरकारी परीक्षा असते. तिची तिसरी पायरी पास हो, शिक्क्याचा कागद आण, मी स्वतः फोन लावून देतो. आमच्या आईला शिक्क्याचं फार. हे ते चेष्टेत म्हणाले, मला कळतं. पण म्हणाले आहेत, आणि मानालेदीनं ऐकलं आहे.

तेव्हा बाई, तुझ्या कारखान्यात चिनी मुकादम आहेत, त्यांना विचार. परीक्षा कुठे होते, पुस्तक कुठलं. लवकर कळव. मला एका जागी बसवत नाही. झाडू हातात असतो आणि दार झाडायचं राहून जातं.

आईचे आशीर्वाद, दिंफोचा पापा. माया आहे तशीच राहू दे, वेड्या बहिणीवर थोडी जास्त.

तुझी,
पुसेलेत्सोताई


मासेरू
३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि शेजारणीनं विचारलं, कोण गेलं? माझा चेहरा तसा झाला होता म्हणे. ताई, तुझी चाळिशी उलटली आहे. शाळेत असताना तू इंग्रजीच्या तासाला पोट दुखतं सांगून घरी यायचीस, आणि आता चिनी?

तरी विचारलं. आमच्या मुकादमबाई आधी हसल्या, मग गंभीर झाल्या. त्यांनी सांगितलं, तिसऱ्या पायरीला सहाएकशे शब्द लागतात, आणि लिहावंही लागतं. पहिल्या दोन पायऱ्यांना अक्षरांवर उच्चार छापलेले असतात, तिसरीला तो आधार काढून घेतात. परीक्षा दरबानच्या विद्यापीठात आहे. पुस्तक आणि ऐकायची तबकडी एका विद्यार्थ्याकडून मिळाली, ती न्ताते मोखेथींबरोबर पाठवते आहे. पहिली चार पानं त्यानं चहानं भिजवलीत.

आता माझं ऐक. वेंगनी तुला दारातून घालवायला ते वाक्य टाकलं. तू परीक्षा पास झालीस तर ते दुसरं काहीतरी सांगतील. आणि झालंच बोलणं, तर पुढे काय? ती त्यांची मुलगी आहे, ताई. त्यांनी न्यायची तेव्हा नेली. तू सहाशे शब्द शिकलीस म्हणून ती तुझी होणार नाही. हे मी लिहायला नको होतं, पण दुसरं कोण लिहिणार? आई तर तुला खुशाल चढवत असेल.

दिंफोचा हात खांद्यापासून मनगटापर्यंत दोरीनं मोज आणि ती दोरीच पाठव. आकडा लिहू नकोस, मागच्या वेळी तू चुकली होतीस.

आईला नमस्कार. रागावलीस तरी उत्तर टाळू नकोस, एवढी मेहेरबानी.

तुझी,
केनेवे


हा-लेतूका
१९ एप्रिल

चि. केनेवेस,
अ. उ. आ. वि. वि.

दोरी सोबत आहे, गाठीपासून गाठीपर्यंत धर.

आई मला चढवत नाही. ती माझी अक्षरं बघून म्हणते, आपण ज्याला नुसतं घोडा म्हणतो त्याचा हे लोक सांगाडाच काढून दाखवतात. मी पिठाच्या रिकाम्या पिशव्यांवर कोळशानं अक्षरं काढते आणि ती त्याच पिशव्या धुऊन वाळत घालते. एक अख्खा धडा असा वाळत घातला तिनं. वर विचारते, पाठ झाला होता ना?

बोलणं मात्र मला जड गेलं नाही. आपल्याकडेही सूर चढला-उतरला की शब्द बदलतो, त्यामुळे कान तयार आहे. अक्षरंच पळतात. आज ओळखलेलं उद्या दुसऱ्या घरात जाऊन बसतं. दिंफो संध्याकाळी पुस्तक उलटं धरून माझी परीक्षा घेते. चुकलं की चुलीपाशी उभं करते.

एक गोष्ट तुलाच सांगते. वेंग माल आणायला बुथा-बुथेला गेले की मानालेदी गल्ल्यामागून माझे उच्चार सुधारते. आधी नुसती ऐकत असायची. एकदा मी चुकीचं म्हटलं तेव्हा तिला राहवलं नाही. ती खूप वाळली आहे, केनेवे. उभ्याउभ्या दोन घास खाते आणि गिऱ्हाइकाकडे वळते. परवा तिनं सांगितलं, नालेदी तिच्याशीही फोनवर बोलत नाही. आजी ओढून आणते तेव्हा पाठ करून उभी राहते. सांगताना ती साबणाच्या वड्या रचत होती, माझ्याकडे बघत नव्हती.

ती त्यांची आहे हे मला कोणी सांगायला नको. तिला डांग्या खोकला झाला तेव्हाही ती त्यांचीच होती, फक्त रात्रभर माझ्या मांडीवर होती. मला ती परत नको आहे. मी तिला टाकलं नाही, एवढंच तिला कळायला हवं. ते सांगायला सहाशे शब्द लागत असतील तर लागू देत.

परीक्षेला नाव घाल. उशीर करू नकोस.

तुझ्या शहाणपणाचा मला आधार वाटतो, तो काढून घेऊ नकोस.

तुझी,
ताई


मासेरू
७ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नाव घातलं. परीक्षा रविवारी, १२ जुलैला. फी भरली आहे, तो विषय काढायचा नाही. पासपोर्टची मुदत बघ. जुलैच्या ऐन थंडीत सानी घाट बंद पडतो, म्हणून शुक्रवारीच नीघ.

हे झालं कामाचं. आता मला झोप का येत नाही ते लिहिते. मागच्या रविवारी दिंफो रेंजसाठी टेकडीवर जाऊन माझ्याशी फोनवर बोलली. मी म्हटलं, सुट्टीत माझ्याकडे मासेरूला येतेस का? ती म्हणाली, मोठी आईला विचारून सांगते. मग म्हणाली, मोठी आईची परीक्षा आहे, तिला माझ्याशिवाय जमणार नाही. आणि फोन आपल्या आईच्या हातात देऊन पळाली.

तुझा दोष नाही. मीच तिला सोडून आले, ती चालायलाही लागली नव्हती. कारखान्याच्या फाटकाशी तान्ह्या मुलाला घेऊन उभं राहता येत नाही. पण त्या दिवसापासून शिवताना माझी शिवण सरळ जात नाही, दोनदा उसवावी लागली. तू मानालेदीबद्दल लिहिलंस, ती उभ्यानं जेवते म्हणून. मीही उभ्यानंच जेवते, ताई. ते वाचून मला तुझा राग आला. का, ते सांगता येत नाही.

पेपर नीट सोडव. आपल्यात काही अंतर पडलं नाही, असं समजून लिहीत जा.

तुझी,
केनेवे


हा-लेतूका
१६ जुलै

चि. केनेवेस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझ्या मागच्या पत्राचं उत्तर सावकाश देते. आधी परीक्षेचं, कारण तू वाट बघत असशील.

शुक्रवारी घाटाच्या माथ्यावर पोचले तर बर्फ. ड्रायव्हर म्हणाला, हा रस्ता आज खाली माणसं नेणार नाही, नुसत्या बातम्या नेईल. शनिवारीही सकाळभर तो चाकं बघत बसला. बाकीचे प्रवासी शेकोटी करून गप्पा मारत होते. मी एकटी रस्त्यावर येरझारा घालत होते. एका म्हाताऱ्यानं विचारलं, कुणाच्या मयताला निघालीस का? परीक्षेला, म्हटल्यावर त्यानं घोंगडी डोक्यावरून ओढून घेतली. दुपारी ऊन चढलं, बर्फ वितळला आणि आम्ही उतरलो. वळणांवर सगळ्या बायका देवाचं नाव घेत होत्या, मी आठवड्याचे वार म्हणत होते, चिनीत.

दरबानला अंधार पडल्यावर पोचले. तिथल्या चर्चच्या बायकांनी बाकावर झोपायला जागा दिली. सकाळी विद्यापीठात गेले तर सगळी पोरं-पोरी, जीन्स घातलेली. दारातल्या चिनी बाईंनी मला नम्रपणे सांगितलं की पालकांनी बाहेर थांबायचं. मी त्यांच्याच भाषेत म्हटलं, मी पालक नाही, मी विद्यार्थी. त्यांनी माझा हात धरून मला जागेपर्यंत नेलं.

ऐकण्याचा भाग सुरू झाला. सुरुवात चांगली गेली. मग एक बाई एका पुरुषाला विचारते, मुलगी आज जेवली का? तो म्हणतो, थोडंसंच. प्रश्न अगदी सोपा होता. पण मी तिथंच अडकले, आणि भानावर आले तेव्हा पुढचे दोन प्रश्न निघून गेले होते. लेखनात तर काही अक्षरांचे हातपायच आठवेनात. एका ठिकाणी मी अर्धंच अक्षर काढलं आणि बाकीच्या अर्ध्याची जागा सोडली. नापास झाले असेन. मला तसंच वाटतं आहे.

आता तुझं. दिंफोनं विचारून सांगते म्हटलं, ते मला माहीत नव्हतं. तिनं मला विचारलंच नाही. मी काल तिला म्हटलं, आईकडे जायचं का? ती गप्प राहिली आणि कोंबड्यांना दाणे टाकायला गेली. केनेवे, ती माझ्याकडे आहे म्हणून तू कमी आई नाहीस. पण असं कागदावर लिहून काय उपयोग, हे मलाही कळतं.

निकालाचं बघत राहा. माझ्यानं राहवत नाही.

तुझी माया आटली नसेल, या भरवशावर,
ताई


मासेरू
१४ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पास. पास. न्ताते मोखेथी गाडी चालू ठेवून हॉर्न वाजवताहेत, म्हणून चार ओळींतच लिहिते. लेखनात फार कमी, वाचनात बरे, ऐकण्यात आमच्या मुकादमबाईंनी भुवया उंचावल्या, एवढे. सगळं मिळून जेमतेम पलीकडे. पण पलीकडे. निकालाची छापील प्रत सोबत आहे, शिक्क्याचा कागद मागून येईल. मी आज जेवणाच्या सुट्टीत बसून जेवले.

वेंगनी शब्द फिरवला तर मला कळव. मी येते आणि दुकानात उभी राहते.

अभिमानानं, तुझी,
केनेवे


हा-लेतूका
२० सप्टेंबर

चि. केनेवेस,
अ. उ. आ. वि. वि.

वेंगनी शब्द फिरवलाच. मी शिक्क्याचा कागद गल्ल्यावर ठेवला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला, लेखनाच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, हे काय मार्क आहेत? आणि मी तर चेष्टा केली होती. मी तिथंच उभी राहिले. तेव्हा मानालेदी मागच्या खोलीतून आली, त्यांच्यासमोरून फोन उचलला आणि लावला. इतक्या वर्षांत मी तिला असं वागताना पाहिलं नव्हतं.

आजीचा चेहरा फोनभर पसरला. मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं. नमस्कार आजी, तुमची तब्येत कशी आहे, मी नालेदीला सांभाळत होते. आजी काहीतरी लांबलचक बोलली आणि मला त्यातला एक शब्द कळला नाही. एकही नाही, केनेवे. वाटलं, बर्फातून गेले ते कशासाठी? मग मानालेदी हळूच म्हणाली, आजीला पुस्तकातली चिनी येत नाही, ती त्यांच्या गावची बोली बोलते. मी विचारलं, हे आधी का नाही सांगितलंस? तर म्हणे, सांगितलं असतं तर तू शिकली नसतीस. आणि माझी मुलगी बालवाडीत पुस्तकातलंच शिकते आहे.

मग पोरगी आली. केस कानाशी कापलेले, अंगात लाल कोट. तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं आणि मला आयी म्हणाली. त्यांच्यात कुठल्याही मावशीला आयी म्हणतात. आयी, तुम्ही कोण?

मी ठरवलेलं सगळं विसरले. म्हटलं, तू लहान होतीस तेव्हा मी तुला पाठीवर घ्यायची. ती म्हणाली, का? मला पाय नव्हते का? मी म्हटलं, होते, पण फार छोटे. तिनं खाली वाकून आपले पाय बघितले. मी आपल्या भाषेत काही बोलले नाही. जिभेवर आलं होतं, गिळलं. तिला मी आठवत नाही. आपली भाषा तिच्या तोंडातून पार गेली आहे. ती माझ्याशी हसली, पण दुकानात आलेल्या कुठल्याही बाईशी हसली असती तशी.

एवढं होऊन फोन संपला असता. पण आजी मागून काहीतरी विचारायला लागली आणि पोरगीच आमच्यात दुभाषी झाली. आजीचं ऐकायची, मला चिनीत सांगायची, माझं ऐकून आजीला ओरडून सांगायची. आजी विचारते, तुमच्याकडे थंडी आहे का? आजी विचारते, तुम्हाला मुलं किती? मग म्हणाली, आजी विचारते, माझी आई जाड झाली का? बाबा सांगतात, जाड झाली.

मानालेदी फोनच्या मागे उभी राहून मला मान हलवून नको नको म्हणत होती. वेंग दारात. आणि पोर माझ्या तोंडाकडे बघत होती, उत्तर न्यायला. मी म्हटलं, नाही. बारीक झाली आहे. ती उभ्यानं जेवते, आणि खोकते.

पोरीनं ते आजीला सांगितलं. मग तिनं विचारलं, आई तिथं आहे का? मी फोन वळवला. मानालेदीला बघून पोरीनं चेहरा कोटात लपवला, पण या वेळी पाठ केली नाही. एक डोळा बाहेर होता. आणि आजी मात्र तिकडून मुलाच्या नावानं जे काय ओरडली, त्याला मला दुभाष्या लागला नाही.

वेंग माझ्याशी बोलत नाहीत. पोती पायाशी आणून टाकतात. कामावरून काढतील असं वाटलं होतं, पण आजीनं दर रविवारी मलाच फोनवर बोलावलं आहे. तिला खरं सांगणारं माणूस हवं आहे. त्यांच्या नव्या वर्षाला मानालेदी चीनला जाणार असं ठरतं आहे. ती अजून खात्रीनं काही बोलत नाही, फक्त एक बॅग खाली काढून पुसून ठेवली आहे.

मी काय मिळवलं, मला कळत नाही. आनंद झाला आहे आणि जेवण जात नाही. तुला काय वाटतं, ते लिही.

लोभाची भुकेली,
ताई


मासेरू
१५ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी उशिरा लिहिते आहे, कारण कितीदा लिहून फाडलं. नालेदीनं तुला तुम्ही कोण विचारलं, ते वाचून मी तुझ्यासाठी रडायला हवं होतं. मी माझ्यासाठी रडले.

मी खोली बदलली आहे. नव्या खोलीला खिडकी आहे आणि मालकीणबाईंची नात दिंफोएवढीच आहे. शाळा जवळ आहे. आठवडाभर माझी पाळी सकाळची असते, शाळा सुटल्यापासून मी येईपर्यंत मालकीणबाई बघेन म्हणाल्या. मी त्यांना तीनदा विचारलं, त्या वैतागल्या. जानेवारीत शाळा सुरू होतील तेव्हा दिंफोला माझ्याकडे पाठवशील का, ताई? आदेश नाही, विचारते आहे. तू नाही म्हणालीस तर मी भांडणार नाही, पण मग मला पुढे झोप लागेल असं वाटत नाही.

वर्ष-सव्वा वर्षात तुझ्याकडून दोन पोरी जाताहेत, आणि दुसरी मी नेते आहे. आईला तू सांग, माझी हिंमत नाही.

तुझ्या पायाशी,
केनेवे


हा-लेतूका
१६ जानेवारी २०१६

चि. केनेवेस,
अ. उ. आ. वि. वि.

हे पत्र दिंफोच्याच हाती देते आहे. न्ताते मोखेथींनी तिला पुढच्या जागेवर, आपल्या शेजारी बसवायचं कबूल केलं आहे. तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी टेकडीवरून फोन करून हो म्हटलं होतं. नंतर चार दिवस मी कुणाशी नीट बोलले नाही, हे आई तुला सांगेलच, तेव्हा मीच सांगून टाकते. आईनं ऐकल्यावर एवढंच म्हटलं की आता घरात भांडायला तूच उरलीस. मग पेटीतली आपल्या बाबांची घोंगडी काढून दिंफोच्या सामानात घातली.

मानालेदी पुढच्या आठवड्यात निघते आहे. तिच्या मागे दुकान मी बघायचं, असं वेंग स्वतः म्हणाले, भिंतीकडे बघून. मी चौथ्या पायरीचं पुस्तक मागवलं आहे. का, ते मला विचारू नकोस. संध्याकाळी हाताला काहीतरी लागतं.

दिंफो रडलेली नाही. काल रात्रभर कूस बदलत होती. सकाळी विचारलं, आई ओळखेल का मला? मी म्हटलं, दात आल्यावर थोडी वेगळी दिसतेस खरी, तेव्हा नाव सांग. तर म्हणे, आडनावासकट सांगते.

तिला मक्याचा घाटा घट्ट लागतो, पातळ केलास तर खाईल, पण मनातून नाही. भूक लागली, भीती वाटली किंवा घरची आठवण आली तर ती काहीच सांगत नाही, नुसती गप्प होते. तिन्ही वेळा सारखीच गप्प होते. मला ओळखायला बराच काळ गेला, तुलाही जाईल. गप्प झाली की आधी खायला दे. खाल्लं नाही तर जवळ बस.

गाडी हॉर्न देते आहे.

तुझी,
ताई